माणसं हलतात हो!

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला बार्टन्स आर्म्स हा १९०१ साली बांधलेला पब. भिंतींवर मिंटनच्या रंगीत टाइल्स, आणि बारवर काचेच्या फिरत्या झडपा. खानदानी गिऱ्हाइकाला बिअर मिळावी, पण ती ओतणाऱ्याला त्याचं तोंड दिसू नये, ही व्हिक्टोरियन सोय. (सोवळं काय आपल्याकडेच होतं?) स्केचबुकं घेऊन आलेली चित्रमंडळी नेमकी याच झडपांवर तुटून पडतात. काचेवरची नक्षी हुबेहूब, टाइलवरचं फूल पाकळी न पाकळी. बारमागच्या माणसाच्या जागी मात्र कोरा कागद. विचारलं तर उत्तर तयार: "माणसं सारखी हलतात हो!" एका पाइंटवर दुपारभर टेबल अडवणारी ही मंडळी स्वतः मात्र जागची हलत नाहीत.