मुलाखतीस काय घालून यावे, याबाबत

प्रति,
माझी मुलाखत घेणारे (किंवा घेणाऱ्या) अधिकारी,
अमेरिकेचे नागरिकत्व

विषय : नागरिकत्वाच्या मुलाखतीस कोणत्या पोशाखात हजर राहावे, याचा लेखी आदेश मिळणेबाबत.
संदर्भ : आपले मुलाखतीचे पत्र व त्यात नसलेला मजकूर.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविते की, आपला नागरिकत्वाच्या अर्जाचा एन-४०० फॉर्म भरताना मी आपल्यापासून काहीही लपवलेलं नाही. गेल्या पाच वर्षांत चोवीस तासांहून जास्त काळ देशाबाहेर कधी गेले आणि कधी परतले, ते तारखांसकट लिहिलं. त्यात दिरांचं लग्न आलं आणि सासऱ्यांचं वर्षश्राद्धही आलं. कम्युनिस्ट पक्षाची सभासद कधी नव्हते, हे लिहिलं. कायद्याने सांगितलं तर या देशासाठी शस्त्र उचलाल का, याला 'हो' म्हटलं. घरात झुरळ निघालं की मी सोफ्यावर चढते, पण तसा रकाना फॉर्मात नव्हता. फी भरली, बोटांचे ठसे दिले. एवढं सगळं विचारून झाल्यावर तुमचं पत्र आलं. त्यात दिवस आहे, वेळ आहे, सोबत आणायच्या कागदांची यादी आहे. काय घालून यायचं, याबद्दल अवाक्षर नाही.

तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून बाकी सगळ्यांनी सांगितलं.

नवऱ्याचं म्हणणं, बिझनेस कॅज्युअल. हे दोन शब्द तो गेली कित्येक वर्षं प्रत्येक प्रसंगाला वापरतो आणि प्रत्येक वेळी त्याच निळ्या शर्टात बाहेर येतो. मंडळातल्या मैत्रिणी म्हणाल्या, काळा सूट, केस मागे बांधलेले, लिपस्टिक फिकी, टिकली नको. कॅलिफोर्नियातल्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, इतकं काही नसतं गं, आमच्याकडे लोक हूडी घालून जातात." त्यांच्याकडे लोक लग्नालाही हूडी घालून जातात, त्यामुळे ते मत मी बाद केलं. सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर आल्या. "अगं, सरकारी कामाला मोकळ्या हातानं जाऊ नकोस. बांगड्या घाल, टिकली लाव. आणि ते नवं नेसू नकोस, एकदा तरी अंगावरून गेलेलं नेस." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सरकारसुद्धा कारणं देत नाही.

आता अडचणी ऐका. नोकरीच्या मुलाखतीला जे घालतात तेच घाला, असं बरेच जण सांगतात. पण नोकरी एका कंपनीने नाकारली तर माणूस दुसऱ्या कंपनीत जातो. देशाच्या बाबतीत शेजारच्या इमारतीत अर्ज टाकता येत नाही. शिवाय माझा एकुलता एक ब्लेझर ग्रीन कार्डाच्या आधीचा आहे. कार्ड मिळाल्यापासून मी याच देशात राहिले आणि याच देशाचं खाल्लं, याचा माझ्याजवळचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. त्याचं बटण आता लागत नाही. आणि तुमच्यासमोर बसण्याआधी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यायची असते. त्या ब्लेझरमध्ये माझा हात खांद्याच्या वर जात नाही. गेला तर बगलेत जो आवाज होईल, तो शपथेचा भाग समजू नये.

म्हणून मी साडीचा विचार केला. पदर डाव्या खांद्यावर असतो, उजवा हात मोकळा. तुमचा शपथेचा रिवाज जणू पाचवारीसाठीच केलेला आहे. पण दारात मेटल डिटेक्टर आणि माझ्या अंगावर पदराला, निऱ्यांना, जिथे तिथे सेफ्टी पिना. त्या काढल्या तर मुलाखतीआधीच मी त्या इमारतीत वेगळ्याच कारणाने लक्षात राहीन.

त्यातून कायदा म्हणतो, अर्जदार चांगल्या चारित्र्याचा हवा. माझ्या माहेरी चांगल्या चारित्र्याचा पोशाख ठरलेला आहे: दोन्ही खांद्यांवरून पदर. म्हणजे उजवा हात परत अडकला.

पैठणी? तिथे दुसरंच संकट आहे. वंशपरंपरेने आलेला एखादा किताब किंवा सरदारकी आहे का, असं तुम्ही विचारता, आणि असेल तर ती सोडून द्यावी लागते. माझं माहेरचं आडनाव इनामदार. इनाम माझ्या जन्माआधीच सरकारजमा झालं, मागे फक्त आडनाव उरलं आणि आजोबांचा स्वभाव. पण एवढ्या जरीच्या काठात समोर बसले, तर तुम्हाला शंका येणारच. खरं म्हणजे शस्त्र उचलायच्या प्रश्नाला नऊवारीइतकं चोख उत्तर नाही. कासोटा मारला की घोड्यावरही बसता येतं. पण न्यू जर्सीच्या पार्किंगमध्ये ते पटवून द्यायला वेळ लागेल.

मंडळाच्या एका उत्साही सभासदाने अमेरिकेच्या झेंड्याचा स्कार्फ सुचवला. तुमच्या प्रश्नांच्या यादीत झेंड्यावर तेरा पट्टे का, हा प्रश्न आहे. तो अभ्यास करताना मी झेंड्याचे नियमही वाचून काढले. झेंडा कपडा म्हणून वापरू नये, असं तुमच्याच कायद्यात लिहिलेलं आहे. चार जुलैला तुमचा अर्धा देश झेंड्याच्या चड्डीत समुद्रावर असतो, पण ते जन्माने नागरिक आहेत, त्यांची परीक्षा होत नाही. मला नियम पाळावे लागतील. छातीवर छोटी झेंड्याची पिन चालते. ती डावीकडे, हृदयाजवळ लावायची. तिथे माझा पदर आहे आणि आधीच एक पिन आहे.

एवढं होऊनही घरचे म्हणतात, अधिकारी कपडे बघत नाहीत, कागद बघतात. असेलही. पण आमच्यासारख्यांना बघण्याची तुमची जुनी पद्धत मी वाचलेली आहे. अब्बा डोल्ला नावाचा एक माणूस होता, कलकत्त्यात जन्मलेला, अफगाण आईबापांचा, जॉर्जियातल्या सव्हाना शहरात राहणारा. त्या काळी गोऱ्या किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच नागरिकत्व मिळे. डोल्ला कोर्टात उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला कोटाची आणि सदऱ्याची बाही वर करायला सांगितली. उन्हापासून झाकलेली कातडी चेहऱ्यापेक्षा बरीच उजळ होती, आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. १९१० च्या निकालपत्रात हे सगळं लिहिलेलं आहे. त्याला नागरिकत्व मिळालं. मुलाखतीला काय घालावं याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही: वर सरकणारी बाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने मुंबईच्या भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थांना गोरे मानलं. त्यांनी काय घातलं होतं, याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही.

आणि हिंदुस्थानातून आलेला भगतसिंग थिंड. त्याच्याइतके योग्य कपडे घालून कोणी गेला असेल, असं मला वाटत नाही. ९ डिसेंबर १९१८ रोजी तो तुमच्याच लष्कराच्या गणवेशात नागरिक झाला. चारच दिवसांत ते नागरिकत्व काढून घेतलं. पुढे १९२० मध्ये पुन्हा मिळालं, सरकार पुन्हा कोर्टात गेलं, आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की हा माणूस सर्वसाधारण लोकांच्या समजुतीतला गोरा नाही. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या इतर हिंदी माणसांचंही नागरिकत्व रद्द करण्याचे खटले झाले. आम्हा लोकांना हे दार कायद्याने उघडलं ते १९४६ साली. म्हणजे माझ्या सासूबाई जेव्हा "टिकली लाव" म्हणतात आणि मैत्रिणी "टिकली नको" म्हणतात, तेव्हा कोणालाच वेडगळ समजू नका. तुमच्या खुर्चीवरून फक्त कागद पाहिले जातात, हे आम्हाला अलीकडेच सांगण्यात आलेलं आहे. ज्याने सगळं लेखी विचारलं तो एकच गोष्ट न विचारता समोर बसून नुसतं बघणार असेल, तर माणूस आदल्या रात्री कपाट रिकामं करून पलंगावर ढीग घालतोच.

तुम्हाला कपड्यांबद्दल बोलताच येत नाही, असंही नाही. मुलाखत पास होऊन माणूस शपथविधीला निघाला की तुम्ही एकदम बोलके होता: समारंभाचा मान राखणारा पोशाख करा, जीन्स, शॉर्ट्स आणि फ्लिप-फ्लॉप नकोत. जीन्स नकोत! बव्हेरियातून आलेला लेव्ही स्ट्रॉस आणि रिगाहून आलेला शिंपी जेकब डेव्हिस, या दोन परक्या माणसांनी २० मे १८७३ रोजी पँटच्या खिशाला तांब्याचे रिव्हेट ठोकायचं पेटंट घेतलं. जगात अमेरिकेची म्हणून जी एक वस्तू सांगलीच्या बाजारातही ओळखतात, ती शिवणारे तुमच्या आमच्यासारखेच बाहेरून आलेले होते. (तुम्ही नसाल तर तुमचे पणजोबा.) स्ट्रॉस स्वतः रीतसर अर्ज करून नागरिक झाला. आज तो आपला माल घालून आला असता, तर दारातच थांबला असता.

तरी माझी मागणी मोठी नाही. फॉर्म एवढा लांब आहेच, त्यात एक रकाना वाढवावा: 'अर्जदार काय घालणार आहे?' खाली चौकटी द्याव्यात. सूट, साडी, सलवार-कमीज, निळा शर्ट. शेवटची चौकट नवरे आपोआप भरतील. सेफ्टी पिनांची कमाल मर्यादा ठरवावी. टिकलीचा व्यास सांगावा, म्हणजे सासूबाईंना सरकारी आकडा दाखवता येईल. आणि कोटाच्या बाहीबद्दल एक ओळ हवी: ती वर करावी लागणार नाही, एवढीच. ही ओळ ठळक छापावी.

तुमचं उत्तर येईपर्यंत मी एक फिकट राखाडी सुती साडी काढून ठेवली आहे. एकदा अंगावरून गेलेली, बारीक काठाची, सरदारकीचा संशय न येणारी. ब्लाउज मात्र नवा शिवावा लागणार, कारण जुन्याची आणि ब्लेझरची हकीकत एकच. ओक ट्री रोडवरचे मास्टरजी म्हणतात, मुलाखतीच्या आदल्या दिवशी नक्की देतो. ते काय चीज आहेत, हे तुमच्या कार्यालयाला ठाऊक नसेल. तेव्हा काही बदल सुचवायचा असल्यास कृपया उलट टपाली कळवावा. बाही कोपरापर्यंत ठेवायची की तीन चतुर्थांश, हे त्यांना शुक्रवारच्या आत सांगायचं आहे.

कळावे,
आपली विश्वासू
अर्जदार

सोबत :
१. मापाची चिठ्ठी
२. सासूबाईंच्या सूचना (मोडी नाही, पण तितक्याच अवघड अक्षरात)