पॅड थाय, जैनमध्येही उपलब्ध

वाकडमध्ये सगळ्यात चांगलं पॅड थाय कुठे मिळतं, हे सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारून बघा. दत्त मंदिर रोडवाले कस्पटे वस्तीची शिफारस हाणून पाडतील आणि बँकॉकचं पॅकेज टूर करून आलेले काका दोघांचीही. मग पार्सल येतं: लालभडक शेजवान, कोबी, ढोबळी मिरची, वर पनीर. तांदळाच्या नूडल्स संपल्या म्हणून हक्का. मेनूवर मात्र 'ऑथेंटिक', आणि खाली 'जैनमध्येही उपलब्ध'.

आता हा अस्सलपणा तरी किती जुना? पिबुन सोंगक्राम या लष्करी पंतप्रधानाच्या सरकारने १९३९ साली सयामचं थायलंड केलं आणि त्याच राष्ट्रवादी भरात जनतेला नूडल्स खायला लावल्या. नूडल्स चिनी, कढईत परतायची रीत चिनी. देशभक्ती तेवढी थाय. (आपल्याकडे अजून कुणी वडापावसाठी अध्यादेश काढलेला नाही, हे नशीब.)

चव मात्र खरी आहे. चिंच, ताडगूळ, फिश सॉस, मोड आलेले मूग, भाजलेल्या दाण्यांचा भरडा, वर लिंबू. फिश सॉस सोडला तर यातलं परकं काय? चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या मुलखात चिंचेच्या जागी केचप ओतायला खास धाडस लागतं.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी फोनवर एवढंच विचारा, "चिंच घालता का?" उत्तर "सॉस असतो ना, सर" असं आलं, तर सरळ व्हेज हक्का मागवा. येणार तेच आहे, बिल तरी कमी येईल.