साडेसहा तासांत न्यूयॉर्क

पुण्याहून न्यूयॉर्कला निघालेल्या माणसाचा सगळ्यात लांबचा टप्पा म्हणजे पुणे ते मुंबई विमानतळ. अंतर जेमतेम १५० किलोमीटर. पण विमान रात्री दीडचं असलं तरी संध्याकाळी पाचलाच गाडी काढायची, कारण घाटात ट्रक बंद पडला तर? त्यात बॅगेला २३ किलोची मर्यादा आणि काटा पावणेचोवीसवर. मग दारातच बॅग उघडून घरच्यांची तातडीची बैठक. भाजणी राहते, नातवाची गोष्टीची पुस्तकं उतरतात.

विमानात शेजारी साताऱ्याचे काका-काकू होते. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे पट्टा बांधायच्या आधी त्यांनी वेळापत्रक तपासलं.

"सुटायची वेळ दीड, पोचायची सकाळी आठ. साडेसहा तास. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे ताशी एकोणीसशेच्या वर! शक्य आहे का?"

"काका, ते आठ तिकडचे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतं. खरे तास सोळा."

"मग येताना? तिथून अकराला सुटून दुसऱ्या दिवशी साडेदहाला मुंबई. साडेतेवीस तास! जाताना जलद, येताना साधी, आणि भाडं तेच?"

वास्तविक येतानाच विमान लवकर पोचतं. वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर. सोळाचे चौदा होतात ते त्यामुळं. हे सांगितलं आणि पस्तावलो. वाऱ्यानं ढकललेल्या गाडीला पूर्ण भाडं कशाबद्दल, हा मुद्दा त्यांनी पुढचा तासभर सोडला नाही.

मग समोरच्या पडद्यावर नकाशा आला. "न्यूयॉर्क पश्चिमेला ना? मग हा उत्तरेला का चाललाय? रूट बदलला वाटतं." पृथ्वी गोल असल्यानं सगळ्यात जवळचा रस्ता उत्तरेकडून वळसा घेतो, हिशेबानं तो ६५ अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ आर्क्टिक वृत्तापर्यंत चढतो. सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो, एवढंच. मी रिकाम्या कपाला पृथ्वी करून त्यावरून बोट फिरवलं. काकांनी कप हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "बरं. पण वाटेत चहाला थांबा एकही नाही, हे काही बरोबर नाही." बाहेर उणे ५४ अंश होते.

काकूंनी तोवर पिशवीतून गोळ्यांची डबी काढली होती. "अहो, तुमचा वेग राहू द्या. रक्तदाबाची गोळी सकाळी आठची आहे. मुंबईच्या आठला घेऊ की तिथल्या आठला?"

काकांनी पेन काढलं, उलटीच्या कागदी पिशवीवर दोन रकाने आखले, दोनदा खोडले.

"दोन्हीच्या मधे घे," ते म्हणाले.

"मधे म्हणजे किती वाजता?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.