बोलोन्यासाहेब

आमच्या भोसरीच्या मिक्सर कारखान्यातल्या डिझाइन खात्याच्या साहेबांचं खरं आडनाव फक्त पगारपत्रकाला माहीत. बाकी सगळ्यांचे ते बोलोन्यासाहेब. मीटिंग कसलीही असो, अगदी कँटीनच्या पोह्यांत मीठ कमी पडल्याची का असेना, साहेब इटलीला जाऊन येतातच. "प्रॉक्टर अँड गॅम्बलला प्रिंगल्सच्या वेफर्सवर चित्रं छापायची होती. घरची एवढी प्रयोगशाळा, तरी त्यांनी जगभर विचारलं. आणि सापडलं कुठे? बोलोन्यात! एका प्राध्यापकाच्या बेकरीत! गडी केकवर खायच्या शाईनं चित्रं छापत होता. २००४ साली माल बाजारात!" इथे साहेब टेबलावर थाप मारतात. आम्ही आधीच कप उचलून धरलेले असतात.

त्या कंपनीनं निम्म्या नव्या कल्पना बाहेरून आणायचं ठरवलं होतं. आमच्या साहेबांनी सगळ्याच आणायचं ठरवलंय.

त्यासाठी खिशात एक डायरी. रकाने तीन: कल्पना, तारीख, बाहेरचा स्रोत. रसवंतीवाला झाला, गॅरेजवाला झाला. लग्नात साहेब पंगतीत कमी आणि आचाऱ्यापाशी जास्त. एका सत्यनारायणाला तर थेट स्वयंपाकघरात शिरले.

"वहिनी, झाकण हातानं का दाबून धरता?"

"नाही धरलं तर चटणी छताला लागते, भावजी."

साहेबांनी छताचा फोटो काढला. प्रसाद राहिला.

झाकणाची हीच रड आमचा असेंब्लीवरचा फिटर तीन वर्षं गात होता. पण तो पडला आतला. रिटायर झाल्यावर ये, असं साहेबांनी त्याला सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी चहाला गेलो होतो. ओट्यावर मिक्सर आमचाच, आणि एका पायाखाली कागदाची जाड घडी. उलगडली, तर बोलोन्याचं प्रेझेंटेशन, पान चार.

"अगं, हे कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. नाचतो तो. तुम्हाला दोनदा सांगितलं."

साहेबांनी लगबगीनं डायरी काढली. कल्पना लिहिली, तारीख घातली. तिसऱ्या रकान्यापाशी पेन अडलं. एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सावकाश, सुवाच्य अक्षरात त्यांनी तिचं माहेरचं आडनाव लिहिलं.