तेवीस ठिकाणं आणि तीन दिवस

सांगलीत नोव्हेंबरचं ऊन सकाळी दहानंतर अंगणात उतरतं, आणि मी मेथीची जुडी घेऊन कुंपणाशी येते. कुंपण म्हणजे कमरेएवढी भिंत. पलीकडे बँकवाल्यांचं बिऱ्हाड, अलीकडे आम्ही. भिंतीच्या कोपऱ्यात कढीपत्त्याचं झाड आहे. बुंधा माझ्याकडे, पाला निम्मा त्यांच्याकडे, त्यामुळे कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं शेजारीणबाई दिवसातून दोनदा तरी येतात.

त्या दिवशी मात्र हातात कागद होता.

"काकू, तुम्ही गिरगावातल्या ना? मग एवढं बघा की. नाताळच्या आधी आम्ही मुंबई करणार आहोत."

'मुंबई करणार' हे ऐकून मला हसू आलं. काशी करतात, चारधाम करतात. मुंबई करता आली असती तर तिथल्या लोकांनी आधी केली असती.

चष्मा लावून कागद पाहिला. तिचे यजमान बँकेत आहेत, त्यामुळे कागदाला समास होता, अनुक्रमांक होता, उभ्या रेघा होत्या. तेवीस ठिकाणं. प्रत्येकापुढे वेळ. अनुक्रमांक 9, हाजीअली, 11.40 ते 12.10. अनुक्रमांक 10, बोरिवली नॅशनल पार्क आणि कान्हेरी लेणी, 12.30.

"अगं, वीस मिनिटांत हाजीअलीहून कान्हेरीला? हेलिकॉप्टर केलंय का?"

"नकाशात जवळ दिसतंय ओ. एवढंसं तर अंतर." तिनं बोटाची दोन पेरं दाखवली.

इथंच फसतात सगळे. मुंबई रुंदीला चिंचोळी आणि लांबीला भलती. चर्चगेटहून लोकलनं निघालं तर विरार 60 किलोमीटर. तेवढ्यात सांगलीतून कोल्हापूर येतं. सांगलीत आपण "अंतर किती" विचारतो. तिथं विचारायचं, "गाडी कुठली, वेस्टर्न का सेंट्रल?" एकाच लाइनीवरची दोन लांबची ठिकाणं परवडतात, पण वेगळ्या लाइनींवरची जवळची दोन परवडत नाहीत.

"बरं, उतरणार कुठं?"

"मुंबईतच. यांचा भाचा असतो ना."

"मुंबईत म्हणजे?"

ती जरा घुटमळली. "बदलापूरला."

मी मेथीची काडी मोडली. बदलापूरला माझा आक्षेप नाही. गाव चांगलं आहे, पावसाळ्यात तर फार सुरेख. पण तिथून व्ही.टी. म्हणजे आताचं सीएसएमटी 68 किलोमीटर. जायला दीड तास, यायला दीड तास, म्हणजे रोजचे तीन तास गाडीत. आणि सकाळी आठची लोकल पकडायची म्हणजे सगळी चाकरमानी फौज ज्या दिशेला निघते, त्याच दिशेला दोन पोरं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन घुसायचं. सकाळची गर्दी दक्षिणेला ओतते, संध्याकाळची उत्तरेला. पाहुण्यानं नेहमी उलटं असावं. म्हणून राहायचं दादरला नाहीतर त्याच्याही खाली, गिरगावाच्या बाजूला.

"पण भाचेसुनेला राग येईल."

"राग कसला येतोय! एका बेडरूमचं घर, त्यात तिची दोन आणि तुम्ही चार. तू फोन करून 'आम्ही लॉजवर उतरतोय' म्हण, आणि तिचा आवाज ऐक कसा मोकळा होतो ते. रविवारी जेवायला मात्र जाऊन ये."

"रविवारीच तर पोचतोय आम्ही. शनिवारी रात्री महालक्ष्मीनं निघायचं, रविवार-सोमवार-मंगळवार फिरायचं, मंगळवारी रात्री परत."

मी कागद खाली ठेवला. खरं सांगायचं तर याच जागी मला त्या बँकवाल्यांचं कौतुक वाटलं. इतके अचूक चुकीचे वार निवडायलाही अभ्यास लागतो. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. रुळांची, तारांची कामं त्याच दिवशी काढतात, मग धीम्या गाड्या जलद मार्गावर, मधली स्टेशनं वगळलेली, आणि फलाटावर निम्मी मुंबई उभी. सोमवारी घारापुरीची लेणी बंद. त्याच सोमवारी बोरिवलीचं नॅशनल पार्कही बंद. आणि यांच्या कागदावर सोमवारच्या रकान्यात नेमकी तीच दोन. मंगळवारी सिद्धिविनायक. मंगळवारी! ज्या दिवशी सगळी मुंबई रांगेत असते त्या दिवशी सांगलीकरांनीही जायचं. एक बुधवार तेवढा राहिला होता. त्या दिवशी राणीची बाग बंद असते.

"वार कुणी ठरवले?"

"ह्यांनीच. गुरुवारी अमावस्या आहे ना, म्हणून मधला आठवडा टाळला."

"म्हणजे वार बघितलेच नाहीत, तिथी तेवढी बघितली."

तेवढ्यात तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि ती आत पळाली. मी कागद उलटा करून पाठकोऱ्या बाजूला माझ्या मनातली मुंबई लिहायला घेतली.

लिहिताना हात अडला. माझी मुंबई ट्रामची. ट्राम 1964 साली बंद झाली तेव्हा मी सहा वर्षांची होते. शेवटच्या दिवसांत वडील आम्हाला मुद्दाम बसवून फिरवून आणायचे, एवढं आठवतं. आता म्हणे गिरगावच्या पोटातून मेट्रो जाते. 2025च्या ऑक्टोबरपासून आरेपासून थेट कफ परेडपर्यंत भुयारातली गाडी, आणि त्यात काळबादेवी, गिरगाव अशी स्टेशनं. ज्या रस्त्यावर आम्ही लंगडी घालायचो त्याच्या खाली सरकते जिने! मी अजून पाहिलेली नाही. भावाचा नातू फोनवर दाखवतो, तेवढीच.

ती परत आली ती वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन. मी तिला भिंतीवर बसवलंच.

"हे बघ. बुधवारी रात्री निघा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार फिरा. शनिवारी रात्री परत. रविवारी घरी येऊन झोपा."

"आणि अमावस्या?"

"निघता तुम्ही चतुर्दशीला. अमावस्येला तुम्ही पोचता. पोचायला अमावस्या कुठं आडवी येते?"

हे तिला पटलं. सासूबाईंना पटेल का, याचा हिशेब मात्र तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"सकाळी व्ही.टी.ला उतरलात की लगेच बाहेर पळू नका. आपण स्टेशनला स्टेशन समजतो. ती इमारत बांधायला दहा वर्षं लागली, 1878 ते 1888. वर बघा. दगडात मोर आहेत, माकडं आहेत, घुमटावर बाई उभी आहे. जगभरातले लोक ती बघायला येतात आणि आपण तिच्याखालून टॅक्सी शोधत जातो. मग सामान टाकून, आंघोळी करून पुन्हा तिथंच या. तिथून चालायचं. हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान, काळा घोडा, म्युझियम आणि शेवटी गेटवे. तीनेक किलोमीटर होईल. मध्ये बसत, खात गेलं तर दिवस जातो."

"चालत? पोरं कटकट करतील ओ. आम्ही रिक्षा..."

"रिक्षा नाही तिथं."

"मुंबईत रिक्षा नाही?" तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

"वांद्र्याच्या अलीकडे, शीवच्या अलीकडे रिक्षाला मज्जाव. गावात काळीपिवळी टॅक्सी नाहीतर बेस्टची बस. पोरांना वातानुकूलित डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसव, बाकी काही दाखवलं नाहीस तरी चालेल."

राजाबाई टॉवरचं तिला सांगितलं की प्रेमचंद रायचंद या शेठनं पैसे दिले आणि आईचं नाव लावायला लावलं. त्यावर ती म्हणाली, "आमच्याकडे फ्रीज घेतला तरी सासूबाईंचं नाव घेतात, पण पैसे ह्यांचेच." हे वाक्य भिंतीपलीकडे गेलं नसावं, अशी आशा.

"ओव्हल मैदानात मधोमध उभं राहायचं. एका हाताला टोकदार कमानींच्या दगडी इमारती, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी. दुसऱ्या हाताला गोल गोल गॅलऱ्यांची घरं. पन्नाससाठ वर्षांच्या अंतरानं बांधलेल्या दोन मुंबया समोरासमोर. मध्ये पोरं क्रिकेट खेळतात."

"आणि घारापुरी?"

"शुक्रवारी. सकाळची नऊची लाँच गाठायची, गेटवेवरून. तासाभराचा प्रवास. धक्क्यावर उतरलं की छोटी गाडी आहे, मग सव्वाशेएक पायऱ्या. खायचं हातात धरायचं नाही, माकडं चिक्कीसकट पिशवी नेतात. आत गेलात की डोळे अंधाराला सरावू द्या. मग तीन तोंडांचा महादेव दिसतो, वीस फुटी. ह्यांना सांग, तिथं घड्याळ बघू नका."

पुढचं मला सर्वांत आवडतं, म्हणून मेथी बाजूला ठेवली.

"त्या बेटाला एलिफंटा का म्हणतात? पोर्तुगीजांना तिथं दगडी हत्ती दिसला म्हणून. पण आज बेटावर हत्ती शोधशील तर सापडायचा नाही. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना मोडला, तुकडे मुंबईत राहिले. नंतर जोडून तो राणीच्या बागेत उभा केला, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात. म्हणून शनिवारी राणीची बाग. आदल्या दिवशी हत्तीचं गाव बघायचं, दुसऱ्या दिवशी हत्ती. पोरांना विचार, हत्ती कुठे गेला? रात्रभर विचार करत बसतील."

"पोरं पेंग्विन म्हणतायत."

"तेही तिथंच. आधी हत्ती, मग पेंग्विन. उलटं केलंस तर हत्तीकडे कुणी बघायचं नाही."

एवढ्यात बँकवाले स्वतःच आले. रजा होती बहुतेक. पायजमा, खांद्यावर टॉवेल, कानावर पेन. मी कागद पुढे केला. त्यांनी तेवीसातली चौदा नावं खोडलेली पाहिली आणि जमाखर्च न जुळल्यासारखा चेहरा केला.

"काकू, हाजीअली पण काढलंत?"

"नव्या वारांप्रमाणे गुरुवारी दुपारी बारा वाजता जाल ना? त्या वेळी रस्ता पाण्याखाली असेल."

"कशावरून?"

"तुमच्याच पंचांगावरून. तिथीची पाऊणपट करा. आमच्या चाळीत येणारी कोळीणमावशी शिकवून गेलीय. पंचमी असली तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावस्येला पंधरा धरायचे."

ते गप्प झाले. ओठ हलत होते. "सव्वाअकरा!"

"सव्वाअकराला भरती, त्यात अमावस्येचं उधाण. हाजीअलीच्या वाटेवर पाणी चढतं. आणि सहा तासांनी ओहोटी. म्हणजे त्याच गुरुवारी संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर वाळू लांबवर उघडी पडलेली असेल. मरिन ड्राइव्हवरून चालत या, भेळ घ्या, सूर्य बुडताना बघा. अमावस्या टाळत होतात ना, तिच्यामुळेच चौपाटी मोठी मिळतेय."

त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या बढतीच्या वेळीही पाहिला नव्हता. घरात जाऊन कालनिर्णय घेऊन आले, भिंतीवर टेकवलं, आणि शुक्रवार, शनिवार सगळ्यांच्या पाऊणपटी काढल्या. बायको म्हणाली, "अहो, तिकिटं बदलायची आहेत आधी." ऐकतंय कोण.

"काकू, ओहोटी नेमकी किती वाजता म्हणायची? सव्वाअकरा अधिक सहा तास बारा मिनिटं?"

"साडेपाचच्या आसपास. समुद्र आहे तो, बँक नाही."

त्यांनी कानावरचं पेन काढलं. माझ्या नऊ ठिकाणांच्या खाली, नवीन रेघ मारून, सुवाच्य अक्षरात लिहिलं: अनुक्रमांक 10, ओहोटी, 5.27 ते 5.37.

शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या हातात कढीपत्त्याची डहाळी दिली आणि मेथी घेऊन आत आले.