सर्व्हरचा सिरियल नंबर कसा शोधावा

सर्व्हर बसला की सपोर्टला फोन लावावा. थोडा वेळ संगीत ऐकावे लागते, मग आवाज येतो : "सर, सिरियल नंबर?" इथे गाऱ्हाणे सुरू करू नये. आज पगाराची तारीख आहे, अकाउंट्सची माणसे डोक्यावर उभी आहेत, हा मजकूर नंबर दिल्याशिवाय ऐकून घेतला जात नाही. 'आम्ही त्याला डीबी-वन म्हणतो' असेही सांगू नये. ते घरात हाक मारायचे नाव झाले; तिकडे पत्रिकेतले लागते.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे समक्ष जाऊन पाहणे. स्वेटर घालावा, सर्व्हर रूममधला एसी कोणाची गय करत नाही. नंबर बहुधा मशीनच्या पुढच्या अंगाला, नखाने ओढून बाहेर काढायच्या इवल्याशा पट्टीवर छापलेला असतो. त्यावर कुलूपबंद बेझेल असेल तर आधी किल्ली शोधावी. ती जुन्या ॲडमिनने जाताना कुणाला तरी दिलेली असते. पट्टी ओढताना शेजारचे पॉवरचे बटण दाबले जाणार नाही हे पाहावे. डेलचा सर्व्हिस टॅग सातच अक्षरांचा असतो, पण मोबाइलच्या टॉर्चमध्ये आठचा आकडा आणि बी ही जुळी भावंडे वाटतात. सरळ फोटो काढावा आणि फोनवर 'बी फॉर बॉम्बे' असे खणखणीत सांगावे, मुंबई नाव होऊन कितीही वर्षे झाली असली तरी.

थंडी सोसत नसेल त्यांनी खुर्चीतून शोधावे. लिनक्सवर डीएमआयडीकोड चालवावे, त्याला रूटचा अधिकार लागतो. विंडोजवर पॉवरशेलमधून बायोसला विचारावे. मशीन पुरते झोपले असले तरी वायरीत वीज असेल तर आयड्रॅक किंवा आयएलओ जागे असते, त्यांच्या पडद्यावरही नंबर मिळतो. असेंबल केलेल्या मशीनवर मात्र नंबराच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' असे उत्तर येऊ शकते. हे सपोर्टला वाचून दाखवू नये.

कधी सिरियल नंबर नको असतो, यूयूआयडी हवा असतो : 32 हेक्स अंक, मध्ये चार आडव्या रेघा. इथे घाईने मशीन-आयडी पाठवू नये. तोही 32 अंकीच, पण तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या त्या इन्स्टॉलेशनचा असतो, लोखंडाचा नव्हे. व्हर्च्युअल मशीन नुसते क्लोन केले तर दोघांचा एकच निघतो. शिवाय बाइट वाचण्याच्या दोन पद्धती असल्यामुळे एकाच मशीनचा यूयूआयडी दोन ठिकाणी पहिल्या तीन गटांत वेगळा दिसू शकतो. सपोर्टवाला 'हा आमच्याकडे दाखवत नाही' म्हणाला तर त्या गटांतल्या अंकांच्या जोड्या उलट क्रमाने सांगून पाहाव्यात.

सापडलेले सगळे नंबर एक्सेलमध्ये नीट नोंदवून ठेवावेत. ती फाइल कृपया त्याच सर्व्हरवर ठेवू नये.