स्वसंरक्षणार्थ

आमच्या कॉलनीत चोरी झाली की दुसऱ्या दिवशी घरोघरी तज्ज्ञ उगवतात. कोणी म्हणतं कॅमेरे लावा, कोणी म्हणतं कुत्रा पाळा. कॅमेऱ्यात चोर येतो तो तोंडाला रुमाल बांधूनच. कुत्र्याचं म्हणाल, तर कोपऱ्यावरच्या बंगल्यातला लॅब्राडोर चोरांना फाटकापर्यंत सोडायला शेपटी हलवत गेला, हे त्याच कॅमेऱ्यात सगळ्यांनी पाहिलं. आमचं घर गावाच्या कडेला, मागे उसाचं रान. मुलगी पुण्यात. घरात आम्ही दोन निवृत्त माणसं, आणि त्यातल्या एकाला उशाशी ढोल बडवला तरी जाग येत नाही. तेव्हा जागं राहणाऱ्या माणसाने ठरवलं, रिव्हॉल्वर घ्यायचं.

मला शस्त्रांचा गंधच नाही, असं मात्र कोणी समजू नये. नोकरी बँकेत झाली. माझ्या काउंटरपासून दहा पावलांवर दारात सुभेदार बसत. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, आणि मांडीवर बारा बोअरची डबल बार. कंबरेच्या पट्ट्यात लाल काडतुसं, त्यांच्यावर ‘शक्तिमान’ असं छापलेलं. शनिवारी कामकाज उरकलं की ते बंदूक मध्ये मोडत, काडतुसं काढून खिशात टाकत आणि ती खिडकीच्या उजेडाकडे धरून दोन्ही नळ्यांतून आरपार बघत. मग गजाला तेलाची चिंधी गुंडाळून आत फिरवत. ती बंदूक आमच्या शाखेत कधी उडाली नाही. सुभेदारांचा दिवस पासबुक छापायच्या मशीनपाशी लोकांची पानं सरळ करून देण्यात जाई. पेन्शनर मंडळी तर स्लिप भरताना पेन मागायलाही त्यांच्याकडेच जात, आणि ते एका हाताने बंदूक सावरत दुसऱ्या हाताने पेन काढून देत.

तर मी सल्ला विचारायला सुभेदारांकडे गेले. मला वाटलं होतं, ते कुठली कंपनी, कुठलं मॉडेल असं काही सांगतील. ते म्हणाले, “मॅडम, आधी कपाट घ्या.”

“कसलं कपाट?”

“लोखंडी, भिंतीत पक्कं बसवलेलं. शस्त्र कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या वेगळ्या जागी, आणि घरात कोणाला सांगायच्या नाहीत.”

मी मनातल्या मनात रात्री दोनचा प्रसंग उभा करून पाहिला. मागच्या दाराशी खुडबुड होते. मी उठते. आधी चष्मा शोधते, कारण चष्म्याशिवाय मला काडतुसाचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते दिसत नाही. मग पहिली किल्ली, जी मी कोणाला सांगितलेली नाही आणि त्यामुळे आठवतही नाही. मग दुसरी. मग सहा घरांत सहा काडतुसं. एवढ्या वेळात चोराने चहा करून घेतला असता, आणि साखर कुठल्या डब्यात आहे हे मीच आतून ओरडून सांगितलं असतं. हे सगळं मी सुभेदारांना बोलून दाखवलं. ते गंभीरपणे म्हणाले, “म्हणून तर मॅडम, मागच्या दाराची कडी चांगली पाहिजे.”

निवडीची चिंता मात्र सरकारनेच मिटवलेली आहे. सिनेमात दिसतं ते नाइन एमएम तुम्हाआम्हाला नाही. ते प्रतिबंधित बोअर. परदेशातून मागवावं, तर सर्वसामान्यांसाठी आयात १९८०च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे आजोबांच्या वेळचं एखादं विलायती वेब्ली रिव्हॉल्वर अजून कोणाकडे असलं, तर त्याचा भाव गुंठ्याच्या हिशेबात सांगतात. उरलं काय, तर मुख्यतः .३२चं रिव्हॉल्वर, .३२चं पिस्तूल, .२२, आणि सुभेदारांची ती बारा बोअर. नवख्याने रिव्हॉल्वर घ्यावं, असं जाणते सांगतात. पिस्तुलात मॅगझिन भरा, वरची स्लाइड जोर लावून मागे ओढा, सेफ्टी वर की खाली ते लक्षात ठेवा, आणि काडतूस अडकलं तर ते सोडवा, असा संसार असतो. रिव्हॉल्वरचं चक्र बाहेर काढलं की भरलंय की रिकामं ते समोर दिसतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. हे मला पटलं. ज्या यंत्रात बिघाड झाल्यावर तेच बटण पुन्हा दाबायचं असतं, ते यंत्र मला जमतं.

मग नावं पाहिली. कानपूरचं ‘निर्भीक’, इछापूरचं ‘निडर’, २०२३मध्ये आलेलं ‘प्रबल’, आणि पिस्तुलात ‘अशनी’. बारशाला जमलेल्या आत्यांनी कागदावर लिहून आणावी तशी यादी. ‘निर्भीक’ २०१४च्या जानेवारीत आलं. दिल्लीतल्या ‘निर्भया’च्या त्या भयंकर घटनेनंतर खास बायकांसाठी म्हणून काढलं, नावही तिच्या आठवणीने दिलं. वजन अर्धा किलो, गोळ्या सहा, किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. मखमलीचं अस्तर लावलेल्या किरमिजी पेटीत घालून देत म्हणे. दागिना द्यावा तसं. बायकांच्या वस्तूला मखमल लागते, हे ज्याने कोणी ठरवलं त्याने पर्समध्ये अर्धा किलो लोखंड आणि कुठलीशी टायटॅनियमची मिश्रधातू घालून एकदा एसटीने प्रवास करायला हवा होता. आणि मुलीने रात्री बसमध्ये चढायचं तर तिच्यापाशी सव्वा लाख रुपये आणि सरकारी परवाना हवा, हा उपाय ज्या बैठकीत सुचला तिथे किती बायका होत्या, हेही मला विचारायचं आहे. पुढे आलेलं ‘निडर’ पाव किलोचं आहे आणि पुष्कळ स्वस्त. म्हणजे बायकांचं भय निम्म्यावर आलं असावं.

आता परवाना. १८७८मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा झाला, त्यात युरोपियनांना सूट होती आणि बाकीच्यांवर संशय. १९५९चा कायदा आपला स्वतःचा आहे, त्यात सगळ्यांवर सारखाच संशय आहे. अर्जात ‘शस्त्र कशासाठी’ असा प्रश्न असतो. पीक संरक्षण, खेळ, स्वसंरक्षण. मी ‘स्वसंरक्षणार्थ’ लिहिलं आणि तिथून माझ्या आयुष्याची चौकशी सुरू झाली.

चौकशीला आलेले हवालदार फार सज्जन गृहस्थ. चहा घेतला, वही उघडली.

“कोणाशी वैर?”

“नाही.”

“जमिनीचा वाद? भाऊबंदकी?”

“दिरांशी जरा आहे, पण तो आंब्याच्या पेटीवरून.”

“धमकीचा फोन? पत्र?”

मला एकाएकी फार ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं गावात राहून साधी धमकी देण्याच्या लायकीचं आम्हाला कोणी समजलं नव्हतं. हे आतून म्हणाले, “कर्ज नाकारलेले काही लोक असतील बघा हिच्यावर चिडलेले.” पण ते सगळे आता बाजारात भेटले की ‘मॅडम, बऱ्या आहात ना’ म्हणून विचारतात. शेजारच्या काकांनी तर माणुसकीने एक निनावी पत्र लिहून द्यायची तयारी दाखवली. फक्त अक्षर सगळी कॉलनी ओळखते म्हणून तो बेत रहित झाला. हवालदारांनी पुढचं पान उलटलं. अर्जदार शांत स्वभावाचा आहे का, शेजाऱ्यांशी भांडणतंटा आहे का, कधी तक्रार झाली आहे का. थोडक्यात, जिवावर उठलेला वैरी एक तरी पाहिजे, पण आपलं कोणाशीही वाकडं असता कामा नये. असं जगायला संतच हवा, आणि संतांनी बंदुकीचा अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

डॉक्टरांचा दाखलाही लागतो. शरीराचा आणि मनाचाही. डॉक्टर ओळखीचे.

“राग येतो का?”

“डॉक्टर, हे निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी असतात.”

“झोप नीट लागते?”

“लागली असती तर रिव्हॉल्वर कशाला मागितलं असतं?”

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आधी रक्तदाब मोजला.

शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं, आणि ते लावलं हे फार चांगलं झालं, हे मी विनोद बाजूला ठेवून सांगते. रेंजवर कानावर मफ चढवले, समोर कागद लागला, हातात .३२ आलं. टीव्हीवर जे एका हाताने उडवतात ते दोन्ही हातांत धरूनही नळीचं टोक गणपतीच्या आरतीतल्या ताम्हनासारखं गोल फिरत होतं. प्रशिक्षक म्हणाले, बंदूक कधीच रिकामी नसते. तुमच्या देखत रिकामी केली तरी भरलेलीच समजायची. जिथे गोळी जायला नको तिकडे नळी नाही. निशाण धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते आधी बघा. मग मी गोळी झाडली. आवाज मफमधूनही छातीत बसतो. दारूचा तिखट वास येतो, दिवाळीतल्या सकाळचा असतो त्याहून कोरडा. डोळे उघडून पाहिलं, (मिटले होते, हे वेगळं सांगायला नको) तर कागदाच्या डाव्या बाजूला खाली भोक. पुढचीही तिथेच. उजव्या हाताचा नवखा माणूस चाप दाबण्याऐवजी हिसकतो आणि गोळी खाली डावीकडे जाते, असं कळलं. प्रशिक्षक समजूत काढत म्हणाले, “एका जागी तर लागतायत ना!” माझ्यापासून चोराच्या उजव्या गुडघ्याला धोका होता, बाकी चोर सुखरूप.

सत्र संपल्यावर रिकामी पितळी टरफलं गोळा करायची असतात. एक उलटं करून पाहिलं, बुडावर इंग्रजीत केएफ ही अक्षरं. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. १८६९पासून तिथे दारूगोळा बनतो. पुण्याला मुलीकडे जाताना गाडी खडकीवरून कितीदा गेली असेल, माझी नजर कधी वळली नव्हती.

घरी आल्यावर त्या चौथ्या नियमाने माझा पाठलाग सुरू केला. निशाणाच्या मागे काय आहे? मी दिवाणखान्यात उभी राहून एकेका जागी चोर उभा करून पाहिला. दारात उभा केला तर मागे फ्रिज. खिडकीपाशी उभा केला तर मागे शेजाऱ्यांची नवी गाडी. जिन्यापाशी बरा होता, पण त्याच्या पाठीमागे पातळ पार्टिशन आणि त्यापलीकडे हे झोपलेले. कुठल्याही कोपऱ्यात नेला तरी चोराच्या मागे काहीतरी हप्त्याने घेतलेलं निघत होतं. शिवाय कायदा म्हणतो, स्वतःच्या बचावाचा हक्क आहे, पण इजा गरजेपुरतीच. नव्या न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये हे सगळं आहे, जुन्या दंड संहितेतही होतंच. गरज किती, हे रात्री दोन वाजता चष्मा शोधताना मला ठरवायचं, आणि बरोबर ठरवलं की नाही हे कोर्टाने नंतर दिवसाउजेडी.

माझ्या मामांकडे कुडाळजवळ ठासणीची बंदूक आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. तिच्यात नळीतून दारू घाला, काथ्याचा बोळा ठासा, छर्रे घाला, पुन्हा बोळा ठासा, केप चढवा, एवढं होईपर्यंत माकडं पोफळीवर बसून सगळं नीट बघत असतात. पण मामांचं खरं दुखणं निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करायची नोटीस येते. आता छाननी समिती कोणाचं जमा करायचं ते ठरवते म्हणतात, पण २०२४ साली आधी लोकसभा झाली, मग विधानसभा, आणि मामा दोन्ही वेळा बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यात हजर. मी फोनवर सहानुभूती दाखवली तर म्हणाले, “गो, माकडांक खंयची आचारसंहिता!” चोरांनाही ती लागू नसावी. उलट कॉलनीतल्या कोणाचं शस्त्र कधी ठाण्यात असतं, हे त्यांना वर्तमानपत्रात निवडणुकीची तारीख वाचून कळेल.

शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षं चालतो. मला एकच हवं होतं. पण दोनाची मुभा आहे हे वाचल्यावर दुसरं कुठलं घ्यावं, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. साड्यांच्या दुकानात हेच होतं.

हे सगळं ह्यांना सांगताना मी शेवटचा मुद्दा काढला. रिव्हॉल्वर घरात ठेवून दोघांनी बाहेरगावी जायचं कसं? बंद घरातून दागिने गेले तर आपलं नुकसान. शस्त्र गेलं तर पोलिसांपुढे जबाब, आणि ते कोणाच्या हाती पडेल याचा घोर जन्मभर. प्रत्येक वेळी विक्रेत्याकडे नाहीतर ठाण्यात जमा करायला जायचं, पावती घ्यायची, परत येऊन सोडवायचं.

“म्हणजे कोणीतरी एकाने घरी थांबायला पाहिजे,” हे म्हणाले. आत्तापर्यंत या विषयात त्यांनी दाखवलेला हा पहिला रस.

“हो. त्याच्यावर लक्ष ठेवायला.”

“लग्नकार्य असलं तरी?”

“असलं तरी.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून मागच्या दाराची ढिली कडी हलवून पाहिली आणि सुतार नको, कपाटवाल्यालाच बोलावू म्हणाले. तेव्हापासून अर्जाचा पाठपुरावा तेच करतात. मे महिन्यात माझ्या बहिणीच्या मुलाचं लग्न बार्शीला आहे, हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळं एकाच मंगल कार्यालयात, उन्हाळ्यात. पत्रिका आली त्या दिवशी ह्यांनी ती वाचून नीट घडी करून ठेवली आणि कधी नव्हे ते स्वतः हवालदारांना फोन लावला. पोलिसांचा अहवाल वर गेला का, विचारत होते.